वळिवड्याची छावणी आणि मामांची नोंदवही

लग्नाचा बस्ता काढायचा तर कोल्हापूरकर गांधीनगर गाठतात. आम्हीही गेलो. आई, मामी आणि नवरी मुलगी गादीवर बसल्या, समोर साड्यांचा ढीग चढत गेला, मानपानाच्या इकडं आणि आहेराच्या तिकडं अशी वाटणी सुरू झाली, तेव्हा मी, अक्का आणि मामा हळूच उठून दुकानाच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन टेकलो. दोन तास तरी सुटका नव्हती.

मामा पोलीस खात्यातले. निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं त्यांनी परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या टेबलावर काढली. अक्का माझी थोरली बहीण, वकील. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि तिच्या मुंबईच्या खेपा थांबल्या. तेव्हापासून घरातल्या वादांसाठी तिच्याकडं भरपूर वेळ असतो. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी सांगतो’ असंच बोलतात. अक्का कोर्टात सावरून बोलते, घरात नाही. इथं तिचं बोलणं घरचंच ठेवलंय.

ठिणगी टाकली ती दुकानाच्या शेठनी. चहा पुढं करताना ते म्हणाले, “तुम्ही बसलात ती जागा पोलंडवाल्यांच्या वळिवडे छावणीची. ते गेले, मग आमची माणसं आली. सुरुवातीला बराकी त्याच, माणसं वेगळी. आजोबा सक्करचे. कराचीहून बोटीनं मुंबई, मग कल्याणची छावणी, मग इकडं. त्यांना कुणी शरणार्थी म्हटलेलं खपायचं नाही. म्हणायचे, पुरुषार्थी म्हणा.”

मामांना तेवढंच हवं होतं. “बघ गं पोरी,” ते अक्काकडं वळले, “काल जेवताना म्हणत होतीस, निर्वासितांसाठी देशात कायदा नाही म्हणून. १९४३ ते १९४८, पाच हजार पोलिश माणूस सांभाळला कोल्हापूरनं. बायका, पोरं, म्हातारी. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. कुठला कायदा होता तेव्हा? माणुसकी होती. महावीर उद्यानात स्तंभ उभा आहे, जाऊन वाच.”

“वाचलाय मी. पण मामा, सांभाळलं कोल्हापूरनं की कोल्हापुरात?”

“म्हणजे?”

“म्हणजे खर्च लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या सरकारचा आणि मांडणी इंग्रजांची. त्या माणसांना रशियानं १९४० मध्ये घरातून उचलून सैबेरियाला नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे इथं आली ती त्यांच्या मागं एक सरकार उभं होतं म्हणून. कोल्हापूरकरांनी जीव लावला ते खरंच. एक पोलिश मुलगी इथल्याच घरात सून म्हणून राहिली. पण पुढची गोष्ट तुम्ही कुणी सांगत नाही. १९४५ च्या जुलैत इंग्रजांनी त्या लंडनच्या सरकारची मान्यता काढली आणि वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. म्हणजे या इथं बराकीत बसलेल्या बाईच्या हातातला कागद एका रात्रीत कुणाचाच राहिला नाही. तिचं गावही तोवर रशियात गेलेलं. ती कुठली मग? पोलंडची? रशियाची? वळिवड्याची?”

मामा काही बोलले नाहीत. बहुधा हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं; स्तंभासमोर मी शाळेच्या सहलीत उभा राहिलोय, पण तिथून हे दिसत नाही.

“तरी त्यांना जबरदस्तीनं रशियात नाही पाठवलं कुणी,” मामा सावरले.

“नाही पाठवलं. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आपल्या मर्जीनं पोलंडला. जिथं जिवाला धोका तिथं माणसाला परत लोटायचं नाही, हेच तर सगळ्या निर्वासित कायद्याचं मूळ. १९५१ च्या जिनिव्हाच्या करारात ते ३३ वं कलम झालं. तुमच्या छावणीत ते पाळलं गेलं, पण कुणाला त्यावर बोट ठेवून मागता येत नव्हतं.”

“मागायला कशाला पाहिजे? मिळालं ना!”

“हा तुमचा सगळा मामला आहेराचा झाला, मामा. देणाऱ्याची मर्जी. घेणाऱ्यानं डोळ्याला लावायचं आणि नाव ठेवायचं नाही.”

आतून मामींचा आवाज आला, ही मानपानात नको, आहेरात टाका. मामा खो खो हसले, अक्काही.

मग अक्कानं शेठना विचारलं, आजोबांना इथं जागा कशी मिळाली. शेठ म्हणाले, ‘क्लेम’वर. सक्करच्या घराचा क्लेम भरला होता, त्याचे कागद अजून घरी फाइलीत आहेत. पैसे पूर्ण आले नाहीत, पण आले.

“ऐकलंत?” अक्का म्हणाली. “सिंधी माणसाला दया नाही मिळाली, कायदा मिळाला. राज्यघटनेचं सहावं कलमच त्यांच्यासाठी आहे. १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून आला आणि इथंच राहिला, तो नागरिक. नंतर आला, तर सहा महिने राहून नोंदणी करायची. मग क्लेमचा कायदा १९५० चा, भरपाईचा आणि पुनर्वसनाचा १९५४ चा. त्या कायद्यांत त्यांचं नाव ‘विस्थापित व्यक्ती’ असं आहे, परकीय असं नाही. शेठ आज गादीवर बसलेत ते आजोबांच्या पुरुषार्थावर, कबूल. पण पुरुषार्थ करायला पायाखाली जमीन होती. दुकानाचा परवाना स्वतःच्या नावावर निघत होता.”

“अगं, ती आपलीच माणसं होती. फाळणी झाली, देश मोडला. त्यांना नागरिक नाही करायचं तर कुणाला? त्यांची आणि कुठल्या कोण रोहिंग्यांची तुलना करतीस होय?”

इथं मला वाटलं, आता आवाज चढणार. पण मामा टेबलावर काम केलेला माणूस. ते मुद्द्यावर आले.

“तुला मी माझी बाजू सांगतो. आपण त्या ५१ च्या करारावर सही केली नाही, १९६७ च्या पुरवणीवरही नाही. का नाही केली? तो करार युरोपच्या महायुद्धातल्या माणसांसाठी लिहिला. १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटना, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आपल्याकडं फाळणीनं लाखो माणसं इकडची तिकडं झाली, त्यांचं त्यात काही नव्हतं. बरं, ज्यांनी सह्या केल्या त्यांनी काय दिवे लावले? ऑस्ट्रेलिया बोटीतल्या माणसांना नाउरू बेटावर नेऊन ठेवतो. इंग्लंड त्यांना रवांडाला पाठवायला निघालं होतं. आणि सही न केलेल्या आपण? १९५९ पासून तिबेटी इथं आहेत. १९७१ ला एक कोटी माणूस आला बंगालातून, एक कोटी! कुणाला गोळी घालून परत हाकललं? तू मला एक सहीवाला देश दाखव, ज्यानं इतकं केलं.”

हा मुद्दा बिनतोड आहे असं माझं आजही मत आहे. अक्कानं तो उडवून लावला नाही, हे तिचं मोठेपण.

“नाही दाखवता येणार,” ती म्हणाली. “आणि सही केली म्हणजे सगळं झालं असं मी म्हणतही नाही. करार नको असेल तर राहू दे, आपला घरचा कायदा करा. संसदेत खासगी विधेयकं आली, शशी थरूर यांनी आणलं होतं, पुढं सरकलं नाही. मी काय म्हणतो बघा. तुमच्या कायद्यात माणसांचे दोनच कप्पे: भारतीय आणि परकीय. फिरायला आलेला जर्मन आणि घर जाळल्यावर पळून आलेली बाई एकाच कप्प्यात. जर्मनाकडं पासपोर्ट असतो. बाईकडं नसतो, म्हणून कायद्याच्या भाषेत ती ‘बेकायदा स्थलांतरित’. पळून येणाऱ्याकडं पासपोर्ट का नाही, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.”

“आणि त्याच बाईच्या आडून दुसरा कुणी आला तर? २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूर. राजीव गांधींना मारणारे समुद्रातूनच आले होते ना, निर्वासितांच्या लोंढ्यात मिसळून? माझ्या खात्यातल्या माणसाला तेवढं एक उदाहरण पुरतं. तू कोर्टात बोलतीस, आम्हाला रस्त्यावर उत्तर द्यावं लागतं.”

“म्हणूनच तर चाळणी पाहिजे की! त्या ५१ च्या करारातच लिहिलंय, युद्धगुन्हा केलेला, गंभीर गुन्हा करून आलेला माणूस निर्वासित धरायचा नाही. कुणीतरी बसून एकेकाला विचारायचं, का आलास, कुणाला भितोस, पुरावा काय, आणि लेखी निर्णय द्यायचा. त्यावर अपील. आज काय होतं? तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ दिल्लीचं सरकार बघणार. अफगाण, म्यानमारचे वगैरे संयुक्त राष्ट्रांचं दिल्लीतलं कार्यालय बघणार, तेच मुलाखत घेऊन कार्ड देणार. त्या कार्डावर बँकेत खातं निघेल याची खात्री नाही. ज्यानं चाळायचं त्याच्या हातात अधिकार नाही, आणि ज्याच्या हातात अधिकार, तो चाळत नाही.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “श्रीलंकेच्या लोकांना तामिळनाडूत काय कमी आहे? रेशन आहे, दरमहा पैसे आहेत, घरं आहेत.”

“आहे की. आणि १९८३ पासून आहे. त्या छावणीत जन्मलेल्या पोरांना आता पोरं झाली. बाप बिनापासपोर्टचा आला म्हणून बेकायदा स्थलांतरित. बेकायदा स्थलांतरिताला नागरिकत्वाचा अर्ज करता येत नाही, आणि २००४ नंतर जन्मलेल्या पोराचे आई-बाप तसेच असतील तर पोरालाही नाही. पोरगं कधी श्रीलंका बघितलेलं नाही. तिथं जन्माची नोंद झाली नसेल तर तिकडचंही नाही. कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला माणूस आभाळातून पडत नाही, मामा. तो असा रेशनच्या रांगेत तयार होतो, हळूहळू.”

“मग २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा, तो सीएए, आणला की सरकारनं. तुम्हा वकिलांना तोही नको.”

“ज्यांना त्यातनं नागरिकत्व मिळतं त्यांना मिळू दे, त्यांचं भलं होऊ दे. माझी तक्रार वेगळी आहे. तीन देश, सहा धर्म, ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख. त्यात विचारलंय, कुठून आलास आणि कुठल्या धर्माचा. तुझा छळ झाला का, हे विचारलेलंच नाही. निर्वासिताची व्याख्या जगात सगळीकडं छळावरून होते. श्रीलंकेचा तमिळ हिंदूही त्यात बसत नाही.”

मामांनी यावर मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळा आला म्हणून, ते कळलं नाही. मग त्यांना एकदम काही आठवलं. “बरं ते सोड. बांगलादेशच्या सीमेवर ती बेटांसारखी गावं होती बघ. आपली जमीन त्यांच्या पोटात, त्यांची आपल्या पोटात. तिथल्या माणसांना ना वीज, ना मतदान. मोदींनी एका रात्रीत सोडवलं. ३१ जुलै २०१५. इच्छा असली की होतं.”

“छिटमहाल. आपली १११, त्यांची ५१. पण एका रात्रीत नाही, मामा. इंदिरा गांधी आणि मुजीब यांचा करार १९७४ चा. रात्र उजाडायला एक्केचाळीस वर्षं लागली. आणि शेवटी सुटलं कशानं? घटनेची शंभरावी दुरुस्ती करून. कुठल्या देशाचं नागरिक व्हायचं ते माणसांना निवडू दिलं, तेही लेखी. बघा, तुम्हीच माझं उदाहरण दिलंत.”

मामा हसले. “वकिलाशी वाद म्हणजे...” आणि वाक्य तिथंच सोडलं.

बोलणं मग आसामकडं गेलं. ३१ ऑगस्ट २०१९ च्या नागरिक नोंदवहीत १९ लाखांहून जास्त माणसांची नावं आली नाहीत, आणि अपिलाला लागणारी नकाराची चिठ्ठीही त्यांना वर्षानुवर्षं मिळाली नाही, हे अक्कानं सांगितलं. मामांचं म्हणणं, परकीय कोण हे शोधायला नको का? शोधा की, अक्का म्हणाली. पण मी परकीय नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच आहे. १९४६ च्या कायद्याचं ते नववं कलम होतं, २०२५ च्या नव्या कायद्यानंही ते ओझं उतरवलेलं नाही. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं आसामच्या एका माणसाला भारतीय ठरवलं. नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या बारीक फरकांवरून कुणाला परकीय ठरवू नका, असं सांगितलं. निकाल लागला तेव्हा तो माणूस मरून अडीच वर्षं झाली होती.

शेठ गल्ल्यावरून ऐकत होते. “माझ्या आजोबांच्या क्लेमच्या कागदावर नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय,” एवढंच ते म्हणाले आणि परत बिलाकडं वळले.

खरं तर वाद तिथं संपला असता. मामांनीच तो पुढं नेला, आणि तो वाद राहिला नाही.

“तुला एक सांगतो,” ते म्हणाले. “थंडीत ते स्वेटरवाले तिबेटी येतात ना, ते आमच्याकडं मुक्कामाची नोंद करायला यायचे. प्रत्येकाकडं नोंदणीचं छोटं पुस्तक. फोटो, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व तिबेटी, मुदत कधीपर्यंत. मी बघायचो, नोंदवहीत उतरवायचो, सही घ्यायचो. एक पोरगा होता. गोठणगावचा, तिकडं गोंदियाकडं त्यांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. मराठी आपल्यापेक्षा फर्डी, पण विदर्भातली. मी म्हटलं, काय रे, परदेशी आणि मराठी कसं? तर म्हणाला, साहेब, मी परदेश बघितलाच नाही. मी हसलो. चहा पाजला त्याला. चार-पाच वर्षं येत होता, चांगला होता पोरगा.”

“जन्म कधीचा त्याचा?” अक्कानं विचारलं.

“ब्याऐंशी. माझ्या पोराच्याच वर्षाचा, म्हणून लक्षात आहे.”

अक्का थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं, सांगणार नाही. पण वकील.

“मामा, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जो जन्मला तो जन्मानं भारतीय नागरिक. आई-बाप कुणीही असू देत. नागरिकत्व कायद्याचं तिसरं कलम. २०१० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं एका तिबेटी मुलीच्या केसमध्ये हेच सांगितलं. २०१६ मध्ये परत सांगितलं. मग २०१७ ला कुठं पासपोर्ट कार्यालयांना आदेश गेले, आणि त्यातही अटी: नोंदणीचं पुस्तक परत करा, वसाहत सोडा, सवलती सोडा.”

“म्हणजे तो पोरगा...”

“तो तुमच्याइतकाच भारतीय होता. तुम्ही भारतीय माणसाला परदेशी म्हणून नोंदवत होता.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे मी त्यांना बदलीच्या ऑर्डरी वाचतानाही करताना पाहिलंय.

“मला कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “वरून परिपत्रक नाही, काही नाही. पुस्तकावर तिबेटी लिहिलेलं, मी तिबेटी लिहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं गं. असतं तर तो बोलला असता.”

“तुमची चूक नाही म्हणत मी.”

“चूक कशी नाही? सही माझी आहे.”

यानंतर अक्कानं तिचं नेहमीचं वकिली भाषण केलं असतं तर मला आवडलं नसतं. तिनं केलं नाही. ती फक्त म्हणाली की २०२१ च्या एप्रिलमध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, समानतेचा आणि जीविताचा हक्क इथं प्रत्येक व्यक्तीला आहे; पण इथं राहण्याचा हक्क, इथून हाकललं न जाण्याचा हक्क, तो नागरिकालाच. म्हणून नागरिक कोण, निर्वासित कोण, हे ठरवणारा पहिला माणूस महत्त्वाचा. तो दिल्लीत नसतो. तो तालुक्याच्या ठाण्यात एका टेबलामागं असतो, त्याच्यापुढं नोंदवही असते, आणि तिच्यात जेवढे रकाने छापलेत तेवढंच तो लिहू शकतो.

“रकाना नव्हता,” मामा म्हणाले. “खरंच नव्हता. असता तर मी भरला असता.”

मला विचाराल तर दोन तासांच्या त्या वादात कायद्याच्या बाजूनं याहून मोठा पुरावा आला नाही, आणि तो आणला कायदा नको म्हणणाऱ्यानं. मामा वाईट अधिकारी नव्हते. त्या पोराला त्यांनी चहा पाजला, कधी पैसे मागितले नाहीत, कधी ताटकळत ठेवलं नाही. भला माणूस टेबलावर होता आणि तरी न्याय झाला नाही. उद्या त्या टेबलावर भला नसलेला कुणी बसला, तर त्या स्वेटरवाल्यानं कशावर बोट ठेवायचं?

आत बस्ता आटोपला होता. गाठोडी बांधली गेली, बिलावर घासाघीस झाली, शेठनी नवरीच्या हातावर वरचे एकावन्न रुपये ठेवले. गाडी वळिवडे स्टेशनावरून निघाली तेव्हा मामा खिडकीबाहेर बघत होते. फाटक ओलांडल्यावर म्हणाले, “तो पोरगा आता त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा असेल. पासपोर्ट काढला असेल का गं त्यानं?”

“काढला असेल,” अक्का म्हणाली. मग थोड्या वेळानं, “वसाहत सोडली असेल तर.”

घरी आल्यावर मी २०२५ चा परकीय नागरिकांबद्दलचा नवा कायदा उघडला. १ सप्टेंबरला लागू होताना त्यानं जुने चार कायदे रद्द केले, त्यांतला सर्वांत जुना १९२० चा. काही गटांना शिक्षेतून सूट देणारा आदेशही त्याच दिवशी निघाला. त्यात तिबेटी आहेत, नोंद झालेले श्रीलंकेचे तमिळ आहेत. आदेश आहे, सरकारला वाटेल तेव्हा बदलता येईल. कायद्याचं व्याख्यांचं कलम मी दोनदा वाचलं. त्यात ‘परकीय’ या शब्दाची व्याख्या आहे: जो भारताचा नागरिक नाही तो. ‘निर्वासित’ हा शब्द त्या कलमात नाही.